मूळ भागांचा सोस आणि मिस्त्र्यांचा विसर

पेडणे, डिचोली, बार्देशच्या बाजूला आणि हद्दीपलीकडे सावंतवाडी-दोडामार्गातही जुन्या विलायती मोटारसायकली पुन्हा चालत्या करण्याची हौस अलीकडे दिसू लागली आहे. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली आजोबांची बीएसए, नॉर्टन नाहीतर मॅचलेस सापडते आणि नातवाच्या अंगात वारे भरते. पहिला महिना गंज घासण्यात जातो, दुसरा फोटो काढण्यात, आणि तिसऱ्या महिन्यापासून एकच रडगाणे कानावर येऊ लागते: "गाडी केव्हाच उभी केली असती हो, पण पार्टच मिळत नाहीत!"

या हौसेशी माझे भांडण नाही. आजोबांच्या वस्तूवर नातवाने जीव लावावा, यात वाईट ते काय? माझे भांडण आहे ते या वाक्याशी. हे वाक्य खोटे आहे आणि सोयीचे आहे. पार्ट मिळतात. मिळेनासा झाला आहे तो पार्ट बसवणारा मिस्त्री. आणि त्याला नाहीसा करण्याचे काम इंग्लंडातल्या कुणी केलेले नाही, ते आपण आपल्याच अंगणात बसून केले आहे.

आधी पार्टांचा हिशेब घेऊ. रॉयल एन्फील्डचा रेडिच येथील कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, बर्मिंगहॅमच्या बीएसएचा डोलारा १९७३ मध्ये कोसळला, ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना १९८३ मध्ये मिटला. पण कारखान्यांबरोबर त्यांचे सुटे भागही जगातून उठून गेले, असे झालेले नाही. जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या मंडळ्या इंग्लंडात आहेत आणि त्यांच्या जिवावर छोटे-छोटे कारखाने आजही चालतात. अमलचा कार्ब्युरेटर तिथे अजून नवा कोरा तयार होतो. एन्फील्डच्या बाबतीत तर तक्रारीला जागाच नाही. १९५५ मध्ये मद्रासेत सुरू झालेल्या कारखान्याने रेडिचच्या आराखड्यावरचे ३४६ घनसेंटिमीटरचे बुलेटचे इंजिन, थोडेफार बदल करत, पन्नासहून अधिक वर्षे घडवले. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूची दुकाने आहेत, कुर्ल्याचा भंगारबाजार आहे, दिल्लीत करोलबाग आहे. त्यातही मौज अशी की बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फचे भाग बनवून परदेशी धाडणारे कारखाने आपल्याच दिल्ली-पंजाबकडे आहेत. म्हणजे पेडण्याचा हौशी माणूस पौंड मोजून 'अस्सल विलायती' म्हणून जे मागवतो, त्यातले काही लुधियानाहून बोटीने इंग्लंडला जाऊन, तिथला कागद गुंडाळून माघारी आलेले असण्याचा चांगलाच संभव आहे. पिकते तिथे विकत नाही, दुसरे काय!

मग गाडी अडते कुठे? यंत्राशी थोडी ओळख असलेल्या माणसाला याचे उत्तर ठाऊक आहे. गाडी झिजेपाशी अडते. नवा पार्ट नव्या गाडीच्या मापाने घडलेला असतो. ऐंशी वर्षे धावलेली गाडी त्या मापाची राहिलेलीच नसते. गोल भोके लांबट होतात, दांडे एका अंगाने खातात, सिलिंडर वर एका मापाचा आणि खाली दुसऱ्या मापाचा होतो. प्रत्येक जुनी गाडी आपापल्या परीने झिजते, म्हणून तिच्यासाठी तयार पार्ट जगातल्या कुठल्याच दुकानात असू शकत नाही. दुकानातून आणलेला भाग हे अर्धेच काम. उरलेले अर्धे लेथवर, शेगड्यात, कानशीच्या टोकाशी आणि माणसाच्या बोटांत असते.

एक उदाहरण देतो. पेडणे तालुक्यातल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी बीएसए एम-२० आहे. ही गाडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लष्कराचे तट्टू. १९३७ पासून ती बनू लागली आणि युद्धकाळात सव्वा लाखाहून अधिक गाड्या लष्कराला पुरवल्या गेल्या. ८२ मिलिमीटर बोअर, ९४ मिलिमीटर स्ट्रोक, साइड व्हॉल्व्हचे साधे इंजिन. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या अशा गाड्या लिलावांतून गावोगावी पसरल्या. याच्या आजोबांनी ती गोवा मुक्त झाल्यावर बेळगावहून आणली, असे घरचे सांगतात. मुलाने पिस्टन आणि रिंगा मागवल्या, कार्ब्युरेटर इंग्लंडहून आणला, स्पीडोमीटरच्या काचेसाठीही पैसे मोजले. सहा महिन्यांत सगळे भाग पेटीत जमा. पण गाडी जिथे होती तिथेच! पुढचा गर्डर फोर्क हाताने हलवला की खडखड वाजे. विलायतेहून आलेली नवी बुश त्या लांबट झालेल्या भोकांत चिंचोक्यासारखी फिरत होती.

अखेर डिचोलीच्या बाजूला सत्तरी ओलांडलेला एक टर्नर सापडला. मुलाने त्याच्यापुढे मोबाइलवर गाडीचे माहितीपुस्तक धरले. म्हातारा म्हणाला, "पार्ट म्हाका दाखय, पुस्तक नाका." त्याने चारही भोके आधी सरळ गोल करून घेतली, मग प्रत्येकाचे माप वेगवेगळे घेऊन फॉस्फर ब्राँझच्या बुश वळल्या आणि प्रत्येकीवर छन्नीच्या टोकाने खूण केली, म्हणजे एकीच्या जागी दुसरी जाऊ नये. फोर्क असा बसला की बोटाने हलवावा आणि आवाज येऊ नये. मजुरी सांगितली बाराशे रुपये. आणि स्पीडोमीटरच्या काचेला हूं की चूं न करता याच्या कितीतरी पट रक्कम मोजणारा आमचा विद्यार्थी म्हणाला, "मिस्त्री, हजार घ्या!"

मी शेजारी उभा होतो. बाराशेच द्यायला लावले, ही गोष्ट निराळी. पण त्या दोनशे रुपयांच्या घासाघिशीत आपल्या समाजाचा सगळा हिशेब मांडलेला आहे. वस्तूची किंमत आपल्याला कळते, हाताची कळत नाही. काच बंद डब्यातून, शिक्क्यासह आली म्हणून ती मोलाची. बुश डोळ्यांदेखत, तेलकट हातांनी, चहा पीत-पीत घडली म्हणून ती स्वस्त!

त्या म्हाताऱ्याला काय-काय ठाऊक असते, याची यादी करून पाहा. जुन्या ब्रिटिश गाडीचे आटे मेट्रिक नसतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये घालून दिलेल्या प्रमाणात आट्यांचा कोन ५५ अंशांचा. सायकल-मोटारसायकलींचे बारीक आटे मात्र ६० अंशांचे, बहुधा इंचाला २६. दोन्ही एकाच गाडीत नांदतात. पान्यावर कोरलेला आकडा चाकीच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. हे न जाणणारा पोरगा मेट्रिक पाना अडकवतो, चाकीचे कोपरे गोल करतो आणि वर 'पार्ट मिळत नाही' म्हणतो. नाचता येईना, अंगण वाकडे! मॅग्नेटोची गोष्ट तशीच. त्याच्या आर्मेचरवर केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. जुने इन्सुलेशन पावसाळी हवेत दमट होते आणि गाडी थंड असताना चालू होऊन गरम झाली की मध्येच गप्प बसते. नवा मॅग्नेटो शोधत दुनिया फिरण्यापेक्षा तो नीट पुन्हा गुंडाळणारा माणूस गाठावा लागतो. तशी माणसे अजून आहेत. सिलिंडरला लायनर बसवायचा, ओतकाम करायचे, तर कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर आहे, बेळगावचे उद्यमबाग आहे. पण कोल्हापूर-बेळगावचे अंतर आपल्याला विलायतेपेक्षा दूरचे वाटू लागले आहे.

या गाड्या आपल्याकडे इतकी वर्षे टिकल्या कशा, याचाही विचार करा. पेडण्याच्या किनाऱ्यावर, हरमल-मांद्रे-मोरजीच्या पट्ट्यात, खारा वारा लोखंड खातो. डिचोलीच्या खाणपट्ट्यात लाल धूळ. ती तर साक्षात घासण्याची भुकटी. काच आणि धातू चकाकवायला जी लाल पूड वापरतात तीही लोहाच्याच ऑक्साइडची. अशी धूळ कार्ब्युरेटरातून ओढली गेली की पिस्टन-रिंगांचे काय होत असेल? बर्मिंगहॅमच्या इंजिनिअरांनी ही गाडी आखली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे शिरगाव-लामगावची धूळ नव्हती की केरीचा खारा वारा नव्हता. त्यांनी घडवलेली गाडी इथे साठ-सत्तर वर्षे जगली ती इथल्या मिस्त्र्यांमुळे. कुणी दुसऱ्या गाडीचा व्हॉल्व्ह कमी करून बसवला, कुणी तुटलेला लिव्हर पितळेचा घडवला. बर्मिंगहॅमने तिला जन्म दिला. दाईपण आणि धन्वंतरीपण डिचोली-म्हापशाने केले.

आणि आज 'पुनरुज्जीवन' करायचे म्हणजे काय करतात? पहिल्याच दिवशी तो पितळी लिव्हर 'डुप्लिकेट' म्हणून भंगारात फेकतात! ज्या वस्तूने गाडीला चाळीस वर्षे चालवले, ती नकली. आणि परवा कुरिअरने आली ती मूळ! हा कुठला न्याय? इतिहास जपायचा तर पुरा जपा. त्या गाडीचा इतिहास कारखान्याच्या फाटकाशी संपला नव्हता.

"पण सर, सरकारलाच मूळ गाडी हवी असते," असे उत्तर मला मिळते. नियम वाचून बोलावे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. त्यांना 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क पडते आणि ती दहा वर्षे चालते. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. मूळ स्वरूप आणि मूळ भाग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मापाबरहुकूम वळलेल्या बुशने गाडीचे स्वरूप बदलत नाही. कायद्याने न मागितलेली विलायती शुद्धता आपला न्यूनगंड मागतो आहे, आणि बिचाऱ्या कायद्यावर त्याचे खापर फुटते आहे.

या न्यूनगंडाचे मूळ मात्र मोटारसायकलीपेक्षा पुष्कळ जुने आहे. आपण गोव्याच्या शेजारची माणसे, म्हणून तीन शब्दांकडे लक्ष वेधतो. 'चावी', 'मिस्त्री' आणि 'पगार'. तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले. 'मेस्त्र' म्हणजे आपल्या कामात पारंगत माणूस. त्याचाच आपल्याकडे मिस्त्री झाला, कोकणीत मेस्त झाला. लॅटिनमधल्या ज्या शब्दापासून हा 'मेस्त्र' निघाला, त्याच शब्दापासून इंग्रजीतला 'मास्टर' निघाला आणि आमच्या शाळांत येऊन तो 'मास्तर' झाला. म्हणजे मास्तर आणि मिस्त्री हे एकाच कुळातले सख्खे भाऊ. एक पोर्तुगीज गलबतातून उतरला, दुसरा इंग्रजी. पण पुढे वाटणी कशी झाली पाहा: पगार मास्तराने घेतला, मिस्त्र्याच्या वाट्याला 'काम झाल्यावर बघू' आले. मी स्वतः मास्तर आहे, आणि हे मास्तरांच्या घरांत वाचले जाणाऱ्या अंकात मुद्दाम लिहितो आहे.

आपल्याच सीमाभागाने याहून निराळी वाट दाखवली होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधले मास्तर. त्यांनी आणि त्यांच्या बंधूंनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. मास्तर हात काळे करायला लाजला नाही, म्हणून १९०३ मध्ये लोखंडी नांगर झाला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे आडनावच मेस्त्री. विलायती कॅमेरा परवडेना, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ पर्यंत कोल्हापुरात स्वतःचा चित्रपटाचा कॅमेरा उभा केला. 'पार्ट मिळत नाहीत' म्हणून ते घरी बसले असते, तर मराठी चित्रपटाच्या इतिहासाची पहिली पाने कोरी राहिली असती!

आणि आज? डिचोलीत सरकारी आयटीआय आहे, पेडण्यात आहे. उमेदवारांना कारखान्यात शिकण्याची सोय करणारा अॅप्रेंटिस कायदा १९६१ चा, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षीचा. सोयी आहेत. पण दहावीच्या निकालानंतर पालक शाळेत येतात तेव्हा आयटीआयचे नाव कोणत्या सुरात घेतात, ते मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. "काहीच नाही जमले, तर मग आयटीआय आहेच." जणू ती शिक्षा! खंडेनवमीला आपण पान्या-हातोडीला झेंडूचे फूल वाहतो, गाडीला हार घालतो; आणि तोच पाना रोज हाती धरणाऱ्याचे स्थळ आले की कपाळाला आठ्या पडतात. हत्यार पूज्य आणि हत्यारी पामर, ही कसली पूजा?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की हे श्रीमंतांचे चोचले आहेत, त्यांची चिंता मास्तरांनी का वाहावी? मान्य, गाडी चैनीची आहे. पण तिच्यावर टिकणारी विद्या चैनीची नाही. बुश वळणारा तोच हात बागायतीच्या पंपाचा शाफ्ट नीट करतो, मच्छीमाराच्या होडीचे इंजिन चालू करतो, गिरणीची पुली वळतो. डिचोलीकडच्या लेथांना आणि गॅरेजांना एके काळी खाणींच्या ट्रकांनी काम पुरवले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ते काम आटले. २०२४ मध्ये डिचोलीतली खाण पुन्हा सुरू झाली खरी, पण मधल्या बारा वर्षांत ज्या मुलाने धंदा सोडून दुसरी वाट धरली, तो यंत्रासारखा कळ दाबताच परत येत नाही. अशा वेळी हौशी माणसाचा पैसा या हातांकडे वळला, तर श्रीमंतांचे चोचलेसुद्धा सत्कारणी लागतील.

दुसरा आक्षेप काळाचा. आता गाड्या संगणकावर चालतात, बिघडलेला डबा काढून नवा बसवायचा, मिस्त्री हवा कशाला? ज्याला असे वाटते त्याने गावातल्या बंद पडलेल्या वस्तूंची एकदा मोजदाद करावी. डबा बदलणारा माणूस कंपनीने डबा दिला तोवरच कारागीर असतो. माप घेऊन वस्तू घडवणारा माणूस कंपनी बुडाली तरी उभा असतो. बीएसए बुडाली, डिचोलीचा टर्नर बुडाला नव्हता.

आपल्या मुलांत हे अंग उरलेले नाही, असे कुणी म्हणू नये. चतुर्थीत आपल्या गावांतले चलचित्र देखावे पाहा. दिवाळीच्या आदल्या रात्री हात-मान हलवणारे नरकासुर पाहा. वायपरच्या मोटरी, सायकलच्या साखळ्या, भंगारातल्या पट्ट्या जोडून रात्र-रात्र जागणारी ही मुले कोण आहेत? आमच्याच मागच्या बाकावरची. वर्गात ज्यांना आपण 'ढ' म्हणतो, त्यांनी हलवलेला नरकासुर पाहायला पहिल्या बाकावरची मुले आईबापांसह जातात. त्या बोटांतले कसब आपण दुसऱ्या दिवशी पहाटे नरकासुराबरोबर जाळून टाकतो.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत. गाडीच्या मालकांनो, गाडीबरोबर एक वही ठेवा. कोणता भाग कुणी, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी घडवला आणि त्याचे माप काय, हे तिच्यात लिहा. जुना पितळी लिव्हर काढायचाच असेल तर फेकू नका, चिठ्ठी बांधून जपा. आणि मजुरीत घासाघीस करण्याआधी विलायती पार्टाची पावती एकदा समोर ठेवा. शाळाचालकांनो, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवायला सांगितले आहे. ते दिवस सहलीत आणि भित्तिपत्रकांत उडवू नका; त्यांतले चार दिवस तरी लेथच्या दुकानात जाऊ द्या. मूल हातात कॅलिपर धरील, तेव्हा दशांश अपूर्णांक आम्ही फळ्यावर का शिकवतो, ते त्याला प्रथमच उमगेल. आणि पालकांनो, मुलाने मिस्त्री व्हायचे म्हटले तर घरात सुतक पाळू नका.

डिचोलीच्या त्या टर्नरच्या लेथशेजारी एक स्टूल आहे. शिकाऊ पोराने बसावे म्हणून ठेवलेले. सध्या त्यावर जुनी वर्तमानपत्रे असतात. आपापल्या गावच्या अशा एका दुकानात येत्या पाडव्याला जरूर जा, गाडी असो वा नसो. मिस्त्र्याला त्याचे वय विचारा, आणि त्याच्या हाताखाली कोण शिकते आहे तेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर आपल्या घरातल्या कोणत्या मुलाची बोटे स्वस्थ बसत नाहीत, ते त्याला सांगून या.